परतीची वाट नसलेले गुराखी

अमेरिकेतील 'काऊबॉय'ला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. 'गुराखी' हा शब्द जवळचा वाटतो खरा. पण गुराखी सकाळी गुरे रानात नेतो आणि तिन्हीसांजेला, गोरज उडत असताना, ती गावात परत आणतो. दावणीला लागलेले जनावर ही त्याच्या दिवसाची अखेर असते. टेक्सासचा काऊबॉय गुरे कधीच परत आणीत नसे. दोन-अडीच हजारांचा कळप घेऊन दहा-बाराजण निघत, दिवसाला दहा-पंधरा मैल चालत, रात्री पाळीपाळीने गाणी म्हणत कळपाभोवती घोडे फिरवीत. दोन-तीन महिन्यांनी कॅन्ससमधल्या एखाद्या रेल्वेस्थानकावर ती गुरे डब्यांत चढत आणि धन्याच्या हिशेबातून मिळालेली मजुरी खिशात घालून हे तरुण मोकळे होत. ज्याच्यासाठी रात्री जागविल्या ते सारे दृष्टीआड होणे हाच त्या कामाचा शेवट होता. पुढे ते कामच दृष्टीआड झाले.

हा सगळा खेळ जेमतेम वीस वर्षांचा. यादवी युद्धानंतर टेक्सासात गुरांना मोल उरले नव्हते आणि उत्तरेकडील शहरांना मांस हवे होते. १८६७ साली ॲबिलीन येथे गुरांचा बाजार उभा राहिला आणि वाट वाहती झाली. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचे पेटंट मिळाले. मोकळ्या माळाला कुंपणे पडू लागली. टेक्सासच्या गुरांबरोबर येणाऱ्या तापाच्या भीतीने १८८५ मध्ये कॅन्ससने त्यांना आपली हद्द बंद केली. रेल्वे तर आता टेक्सासातच पोहोचली होती. गुरांना चालविण्याची गरजच उरली नव्हती. त्यात १८८६-८७ चा हिवाळा आला. माँटाना, वायोमिंग, डकोटा ह्या प्रदेशांत बर्फाखाली गवत गाडले गेले आणि गुरे उभ्या जागी मेली. त्या वेळी माँटानात गुरे राखणाऱ्या चार्ल्स रसेल ह्या तरुणाने लांडग्यांच्या वेढ्यात उभ्या असलेल्या एका हाडकुळ्या गाईचे लहानसे चित्र काढले. धन्याला कळपाचे वर्तमान कळविण्यास ते पुरेसे होते. रसेल पुढे चित्रकार म्हणूनच जगला. सगळ्यांच्या हाती कुंचला नव्हता.

ज्यांच्या हाती नव्हता, ते बहुतेक राहिले तेथेच. पण घोड्यावर बसून जे करता येत नाही ते काम नव्हे असे मानणाऱ्या ह्या माणसांना आता खाली उतरावे लागले. खांबांसाठी खड्डे खणणे, तार ताणणे, गवत कापून साठविणे, पवनचक्क्यांना वंगण घालणे ही त्यांची नवी कामे. ज्या तारेने त्यांची वाट अडविली ती तारच ते आता ताणीत होते. महिना तीस-चाळीस डॉलरांची ही मजुरी. ती वाढवून मिळावी म्हणून १८८३ मध्ये टेक्सासच्या उत्तर भागातील काऊबॉयांनी संपही केला होता. तो फसला. स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून जग ज्याच्याकडे पाहते तो माणूस वस्तुतः मजूर होता, हे त्या फसलेल्या संपाइतके स्पष्टपणे दुसरे काहीच सांगत नाही.

चार्ली सिरिंगोचे आयुष्य ह्या संदर्भात विचार करायला लावणारे आहे. पोरवयापासून तो गुरांमागे हिंडला. मग कॅन्ससमधील कॉल्डवेल गावी त्याने दुकान थाटले आणि १८८५ मध्ये आपली कहाणी छापली. १८८६ मध्ये तो पिंकर्टन गुप्तहेर संस्थेत शिरला आणि बावीस वर्षे तेथे राहिला. आयडाहोच्या खाणींत संप पेटला तेव्हा तो वेष पालटून कामगारांच्याच संघटनेत जाऊन बसला होता आणि त्यांच्या बातम्या मालकांना पुरवीत होता. काल जो मजुरीसाठी राबत होता तो आज मजुरांवर पाळत ठेवीत होता. उतारवयात त्या अनुभवांचे पुस्तक लिहू लागला, तर त्याच संस्थेने कायद्याचा आधार घेऊन त्याला नावे बदलायला लावली.

नॅट लव्ह टेनेसीत गुलामीत जन्मला. गुरांमागच्या आयुष्यानंतर, १८९० च्या सुमारास, तो पुलमनच्या शयनगाड्यांवर नोकर झाला. उताऱ्यांची पथारी घालणे, त्यांचे बूट पुसणे, दिलेले बक्षीस घेणे हे आता त्याचे काम. १९०७ साली त्याने आत्मचरित्र लिहिले. त्यातील पराक्रमांवर अभ्यासक सरसकट विश्वास ठेवीत नाहीत. परंतु दिवसभर अनोळखी प्रवाशांपुढे वाकणाऱ्या माणसाला आपले तारुण्य थोडे मोठे करून सांगावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय?

ह्या काळापर्यंत काऊबॉय पुस्तकांत आणि तमाशांतही शिरला होता. बफेलो बिलचा खेळ १८८३ पासून गावोगाव हिंडत होता. खोट्या चित्रणाला कंटाळून अँडी ॲडम्स ह्या जुन्या जाणत्याने १९०३ मध्ये एकाच प्रवासावर कादंबरी लिहिली. तीत प्रेमकथा नाही, केवळ वाट आहे, नद्या आहेत आणि काम आहे. पुढे हॉलिवूडने काही जुन्या स्वारांना रोजावर घोडे पळवायला ठेवले. १९१५ मध्ये सॅन अँटोनियोत जुन्या वाटसरूंची संघटना स्थापन झाली आणि त्यांच्या आठवणी ग्रंथरूपाने निघाल्या. टेडी ब्ल्यू ॲबटने माँटानात घर-संसार केला आणि आपली कहाणी एका लेखिकेला सांगितली. ती १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तो वारला.

मात्र ज्यांनी लिहिले नाही त्यांचे काय? बोझ आयकर्ड हाही गुलामीत जन्मलेला. चार्ल्स गुडनाइटच्या कळपांबरोबर तो चार वर्षे चालला. गुरे विकून आलेली रोकड गुडनाइट त्याच्याजवळ निर्धास्तपणे ठेवी. मग तो टेक्सासातील वेदरफर्ड येथे स्थायिक झाला. त्याने पुस्तक लिहिले नाही. जानेवारी १९२९ मध्ये तो वारला, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या गुडनाइटने त्याच्या कबरीवर दगड बसविला आणि त्याची निष्ठा त्यावर कोरून घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुडनाइटही गेला.

एवढेही बहुतेकांच्या वाट्याला आले नाही. ज्या मेक्सिकन वाकेरोंकडून टेक्सासने दोर फेकण्याची विद्या घेतली, त्यांतील फारच थोड्यांची नावे आज सांगता येतात. त्यांचे शब्द मात्र इंग्रजीत राहिले आहेत: 'रँच', 'रोडिओ', 'लॅसो'. बोलणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही की ते कुणाचे आहेत.