कंबरेच्या गोळ्या

त्या वर्षी सोयाबीनच्या काढणीत कंबर धरली ती सुटेना. गावातल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट आणायचो. पहाटे उपाशी पोटी चहा, एक गोळी आणि शेत. रास होईपर्यंत दिवसाला दोन-तीन.

दिवाळीनंतर छातीच्या हाडाखाली आग सुरू झाली. चार घास खाल्ले की पोट गच्च, थोड्या वेळानं कळ. माय म्हणाली, "पित्त खवळलंय, सोडा घे की." आमच्या कळंब भागात हरेक पोटदुखीला पित्तच म्हणतात. मी तिखट सोडलं, येसर आमटी सोडली, दूध-भाकरीवर आलो. गोळ्या मात्र चालूच. कंबरेचा पोटाशी काय संबंध?

मग एका सकाळी शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं झालं. दोन दिवस घरात बोललो नाही. अशी गोष्ट सांगायची तरी कशी? तिसऱ्या दिवशी गोठ्यात डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी खाली बसलो. बायको धावत आली. "अहो, ओठ पांढरे पडलेत तुमचे!" पोरानं थेट धाराशिवला नेलं. पोटात झिरपलेलं रक्त पचत खाली गेलं की शौच काळं होतं, हे तिथं कळलं. हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं.

दोन बाटल्या रक्त चढवलं, मग दुर्बीण घातली. जठरात व्रण होता. "कंबरेसाठी काही घेता का?" डॉक्टरांनी विचारलं. बायकोनं पिशवीतून पाकीट काढून समोर ठेवलं. या गोळ्या वेदना दाबतात, तसं जठराला आम्लापासून जपणारं अस्तरही कमकुवत करतात. जठरातल्या व्रणामागं कधी कॅन्सर असतो, म्हणून तुकडा तपासायला गेला. तो अहवाल येईपर्यंत मला झोप नव्हती. कॅन्सर नव्हता, सापडला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज आणवून दाखवली होती. २००५ साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. तिखटानं व्रण झोंबतो, पण होतो तो बहुतेक या जंतूनं नाहीतर अशा गोळ्यांनी. माझ्या पोटात दोन्ही होतं.

१४ दिवस दोन अँटिबायोटिक, आम्ल कमी करणारी गोळी त्याहून जास्त दिवस. आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. व्रण भरला होता.

त्या संध्याकाळी मायच्या उशाखाली तसलंच पाकीट सापडलं. गुडघ्यासाठी.

"पोटात दुखतं का गं?"

"थोडं जळतंय," ती म्हणाली, "पित्तच ते."

सकाळच्या पहिल्या एसटीनं तिला घेऊन निघालो.