मुहूर्त संध्याकाळचा, ओहोटी सकाळची

आगरी घरातली हळद म्हणजे बेंजो थांबेपर्यंत कुणी झोपायचं नाही. अलिबागच्या एका लग्नात आम्ही पुण्याची मंडळी पहाटेकडे कशीबशी आडवी झालो. अक्षय्य तृतीयेचा दिवस, लग्न लागणार होतं संध्याकाळी. मधला सगळा वेळ पाहुणे हॉलच्या पंख्याखाली मोबाइल चार्जिंगला लावून पडून राहणार, हे ठरलेलंच. नवरीच्या मामांना ते मंजूर नव्हतं. सातलाच ते दारात उभे. "समुद्रातला किल्ला बघायचा तर आत्ताच उठा. जेवून जाऊ म्हणाल तर मधे पाणी असेल."

मामांचा हिशेब तोंडी होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तृतीया, म्हणजे तीनाची पाऊणपट सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. भटजींनी ज्या पंचांगातून मुहूर्त काढला, त्याच पंचांगातून मामांनी आमची सहल काढली. दहावीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण कोळीवाड्यात एवढं चालतं.

किनाऱ्यापासून कुलाबा किल्ल्यापर्यंत ओल्या वाळूतून चालत गेलो. घोटाभर पाण्यातून घोडागाड्याही जात होत्या; गुडघे दुखत असतील तर खुशाल बसा, एरवी चालण्यातच गंमत आहे. वाटेतल्या खडकांना कालवं चिकटलेली. एक बाई उकिडवी बसून टोकदार लोखंडाने ती फोडत होती आणि आतला मऊ गर डब्यात टाकत होती. आमच्याकडे तिने मान वर करूनही पाहिलं नाही.

शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाचे दगड नुसते एकावर एक रचलेत, मधे चुना नाही. लाट आदळते, पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच जिरतो. मी एका फटीत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. कान्होजी आंग्र्यांचं हे ठाणं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले आणि हात हलवत परतले. पुढे तटावर गाड्यावरच्या दोन तोफा दिसल्या, त्यांच्यावर यॉर्कशरच्या कारखान्याचं नाव! जिंकून घेता आला नाही तो किल्ला शेवटी इंग्रजांना वारस नाही या सबबीवर, कागदोपत्री मिळाला. माझ्या मते अलिबागच्या इतिहासातली सगळ्यात बोचरी गोष्ट हीच. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि समोर गोड्या पाण्याची पुष्करणी. चहूबाजूंनी खारं पाणी असताना!

परत येताना पाणी पोटऱ्यांना लागलं. मामा पुढे, आम्ही साड्या-पायजमे सावरत मागे.

किनाऱ्यावरच्या राइड्स वगैरे मी सोडून दिल्या, त्या कुठेही मिळतात. बीचजवळची चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच पाहिली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली मोजमापं बिघडणार, म्हणून 1904 मध्ये ती इथे आणली. इमारत बांधताना लोखंड वापरायचं नाही, हा दंडक. गावात कान्होजींची समाधी आहे, तिथून जवळच इस्राएल आळी आणि बेने इस्राएल ज्यूंचं सिनेगॉग. मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आता बरीचशी घरं इस्रायलला गेली. लग्नाच्या पाहुण्याला ही आळी कुणी दाखवत नाही, आणि दाखवायला हवी ती हीच.

जेवायला पोचायच्या आधी पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घेतल्या. विकणारीने भाव सांगितला, मामांनी निम्मा केला, तिने त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी केली आणि शेवटी पहिल्याच भावाला देऊन वर एक सुटा कांदा हातावर ठेवला.