गाई आटल्या की तालीम

नाटक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तिकीटखिडकी, वर्तमानपत्रातली जाहिरात आणि नावाजलेला नट उभा राहतो. आयर्लंडच्या खेड्यात यातले काहीच नसते. तिथे नाटक म्हणजे चर्चच्या हद्दीतला साधा गावहॉल, एका टोकाला लहानसा रंगमंच आणि मागे चहाची खोली. नट म्हणाल तर दूधधंदा करणारा शेतकरी, शाळामास्तर, टपालवाला, बँकेत काउंटरवर बसणारी बाई, सुतार. हिवाळ्यात गाई आटतात, धारांचे काम उरत नाही, संध्याकाळ चार-साडेचारलाच काळोखी होते. मग आठवड्यातून दोन-तीनदा तालीम सुरू होते. गंमत अशी, की नाटकांचे महोत्सव येतात ते मार्चच्या सुमारास, नेमके गाई विण्याच्या धांदलीत. शेतकरी नट मध्यरात्री दुसऱ्या गावाहून परततो, तोंडावरचा रंग पुसतो आणि कंदील नव्हे तर टॉर्च घेऊन गोठ्यात शिरतो.

आयर्लंडचे नाव आपल्याकडे चार दिवस गाजले ते २०१७ साली. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, तेव्हा तिथला पंतप्रधान झाला. आमचा संबंध मात्र आमच्या भाचीमुळे. ती तिथे पश्चिमेकडच्या एका लहान गावी वृद्धांच्या शुश्रूषागृहात नर्स आहे. सोबत काम करणाऱ्या एका बाईंनी तिला हॉलवर नेले. पहिल्या वर्षी तिने चहा ओतला. दुसऱ्या वर्षी तिच्या हातात संहिता देऊन तिला पडद्याआड प्रॉम्प्टिंगला बसवले. "मामा, इथं माझं इंग्रजी ऐकून कुणी हसत नाही, उलट मीच त्यांना विसरलेली वाक्यं सांगते," असे ती फोनवर म्हणाली. तेव्हापासून तिने पाठवलेली माहितीपत्रके आणि पुस्तके आम्ही रात्री जागून वाचत आलो आहोत. वस्तीतल्या नाटकमंडळाची पैशांची पेटी वीस वर्षे सांभाळल्यामुळे हा विषय आम्हांला जवळचा वाटतो.

आम्ही पडलो कारकून, त्यातून बी. कॉम. म्हणून आमचा पहिला प्रश्न: खर्च कोण करतो? भाचीने सविस्तर सांगितले. दारावरची तिकिटे, मध्यंतरातली लकी ड्रॉची सोडत, माहितीपत्रकात गावच्या दुकानदारांच्या जाहिराती. खर्चाच्या बाजूला नाटककाराचे मानधन, हॉलचे भाडे, लाकूड-रंग आणि नेपथ्य वाहून नेणारी गाडी. नटाला एक पैसा नाही. वर्षाअखेर सभेत जमाखर्च मोठ्याने वाचतात आणि खजिनदार पुन्हा निवडतात. एवढी एक गोष्ट नियमाने झाली तरी मंडळे पन्नास-पन्नास वर्षे कशी टिकतात, याचे निम्मे उत्तर मिळते असे आमचे मत आहे.

या हौशी नाटकाचे मूळ मोठे आहे. डब्लिनचे प्रसिद्ध ॲबी थिएटर १९०४ साली उघडले, तेव्हा त्याच्या नटसंचाचा पाया घालणाऱ्या दोघा फे बंधूंपैकी एक हिशेबनीसांच्या कचेरीत कारकुनी करीत होता आणि दुसरा विजेची कामे. (कारकुनाचे नाव आले की आम्हांला बरे वाटते, वाचकांनी क्षमा करावी.) खेड्यांत ही गोष्ट पसरली ती पुढे. १९४४ साली तरुण शेतकऱ्यांची मॅक्रा ना फर्मा ही संघटना निघाली, तिने नाटकाच्या स्पर्धा चालवल्या. त्याच साली स्लायगो परगण्यातल्या टबरकरी या लहान गावी नाट्यमहोत्सव सुरू झाला. १९५३ पासून देशाच्या मध्यावर, शॅनन नदीकाठच्या अ‍ॅथलोन शहरी अखिल आयर्लंड अंतिम फेरी भरू लागली.

या महोत्सवांना मार्च महिना मिळाला त्यामागेही कारण आहे. ईस्टरआधी लेंट हे चाळीस दिवसांचे व्रतपर्व येते. पूर्वी त्या काळात धर्मगुरूंच्या धाकाने नाचगाण्याचे हॉल बंद असत. नाटकाला मात्र मुभा होती. रिकामे हॉल आणि करमणुकीला आसुसलेली माणसे, दोन्ही आयती मिळाली.

स्पर्धेची रीत आम्हांला फार आवडली. संघ वेगवेगळ्या गावांच्या महोत्सवांत तेच नाटक करीत फिरतात, पहिल्या क्रमांकांचे गुण साठवतात आणि ज्यांचे गुण सर्वांत जास्त ते अंतिम फेरीला जातात. अनुभवी संघांचा खुला गट वेगळा, नवख्यांचा वेगळा. सीमेपलीकडचे उत्तर आयर्लंडचे संघही त्यातच खेळतात. पण खरी गोष्ट पुढे आहे. पडदा पडला की प्रेक्षक घरी जात नाहीत. परीक्षक तिथेच रंगमंचावर येतो आणि सगळ्यांदेखत नाटकाची चिकित्सा करतो. दिग्दर्शकाने कुठे घाई केली, कोणाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला नाही, कोणते मौन बरोबर साधले, सारे उघड बोलतो. नट तोंडावरच्या रंगासह ऐकत असतात, त्यांची आई, शेजारीपाजारी, दूध डेअरीचा मॅनेजर सगळे समोर बसलेले. नंतर चहा घेताना गावकरी परीक्षकाशी वाद घालतात. आपल्याकडच्या काही स्पर्धांत परीक्षक बंद पाकिटात गुण ठेवून शेवटची गाडी गाठतात, हे आम्ही पाहिले आहे. ज्या पोराने तीन महिने घाम गाळला त्याला आपले काय चुकले हे कधीच कळत नाही.

या व्यवस्थेतून काय निघू शकते ते १९५९ साली दिसले. केरी परगण्यात लिस्टोल नावाचे गाव आहे. तिथला जॉन बी. केन पोटासाठी इंग्लंडात जाऊन रस्ते झाडून आला होता आणि परतून त्याने गावात पब घातला होता. गावच्या मंडळाचे एक नाटक पाहून आला आणि आपणही लिहू शकू म्हणून रात्री गिऱ्हाईक गेल्यावर लिहायला बसला. त्याचे नाटक 'साइव्ह'. ॲबी थिएटरने ते परत पाठवले. लिस्टोलच्या मंडळाने २ फेब्रुवारी १९५९ रोजी ते गावातल्याच एका नाचाच्या हॉलमध्ये उभे केले, गावोगावचे महोत्सव गाजवले आणि अ‍ॅथलोनला पहिले बक्षीस घेतले. ज्या ॲबीने नाकारले, तिच्याच रंगमंचावर त्याच वर्षी या हौशी मंडळींना मानाने बोलावले गेले.

नाटकाची गोष्ट आपल्या बायाबापड्यांना समजावून सांगावी लागणार नाही. साइव्ह ही लग्नाआधी जन्मलेली, आईबापाविना मामाच्या घरी वाढलेली शाळकरी मुलगी. दलाल येतो, पैशांचा सौदा ठरतो आणि मामी तिला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात बांधायला निघते. मुलीचे मन दुसऱ्या मुलावर असते. ती रात्री घर सोडते आणि दलदलीत बुडून मरते. घरात कोणी राक्षस नाही. गरिबी आहे, जमिनीची हाव आहे आणि मुलीच्या जन्माला चिकटवलेला कलंक आहे.

हॉलमध्ये माणसे रडली. इथे आम्ही थांबून विचार करतो. ज्या गावांनी साइव्हसाठी डोळे पुसले, त्याच गावांतून अविवाहित गरोदर मुलींना आश्रमांत धाडले जात होते. तिथे बाळ आईपासून तोडले जाई. धर्मसंस्थेच्या धुलाईगृहांत बायका बिनपगारी राबत, त्यांतले शेवटचे १९९६ साली बंद झाले. कायद्याने 'अनौरस' हा भेद पुसला तो १९८७ साली. आणि हॉल चर्चचाच! नाटकाने गाव एका रात्रीत बदलत नाही, हे यातून उघड दिसते. पण जे घरी, चर्चमध्ये, शाळेत कोणी उच्चारत नव्हते ते गावच्याच शिंप्याच्या आणि मास्तरच्या तोंडून गावाने ऐकले, आणि पुढच्या महोत्सवात दुसऱ्या गावाने ऐकले. धर्मगुरूला समोर बसून ते ऐकावे लागले असेल, याचे आम्हांला वेगळेच समाधान वाटते.

त्या नाटकात आणखी दोन पात्रे आहेत. पत्र्याची भांडी सांधणारे भटके बापलेक. ते दारात येतात, बाप काठी आपटतो, लेक गातो, आणि घरातल्या पापाचा उच्चार तेच करतात. आयर्लंडमधला हा भटका समाज, ट्रॅव्हलर म्हणतात त्याला, शतकानुशतके गावाबाहेर. स्वतंत्र वांशिक समूह म्हणून सरकारने त्यांना मान्यता दिली ती १ मार्च २०१७ रोजी. सत्य सांगायला लेखकाला भटकाच सापडला, पण त्याची भूमिका गावातल्या माणसाने केली. तो भटका स्वतः तालमीला आला असता तर हॉलमध्ये त्याला खुर्ची मिळाली असती काय? भाचीला आम्ही हे विचारले. ती म्हणाली, "मामा, आमच्या मंडळात एकही नाही. मला त्यांनी बोलावलं, मी तर हजारो किलोमीटरवरची." त्या समाजातल्या रोझलीन मॅकडोना या लेखिकेचे नाटक २०२१ साली ॲबीने सादर केले. खेड्यातल्या हॉलपर्यंत ती वाट अजून यायची आहे.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे महोत्सव भर हंगामात बंद पडले आणि अंतिम फेरी झाली नाही. रंगवलेले नेपथ्य गोठ्यांत पडून राहिले. नंतर मंडळे पुन्हा जमली, काही म्हातारे नट मात्र परतले नाहीत.

आता भाचीच्या मंडळापुढे नव्या नाटकाचा प्रश्न आहे. पुरुष तिघेच उरले आहेत, बायका सात. नेपथ्य एका ट्रेलरमध्ये मावले पाहिजे. तिने समितीला रोझलीनबाईंची नाटके वाचायला सुचवली आहेत आणि त्याबरोबर, गावाबाहेर तळ टाकून असलेल्या ट्रॅव्हलर कुटुंबांतल्या दोन मुलींना वाचनाला बोलवावे असेही. खजिनदार अनुकूल आहेत, दिग्दर्शक गप्प आहेत. बैठक सप्टेंबरात आहे.