परमुलखातला संसार

मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जी आकृती उभी राहते ती बहुधा एकट्या पुरुषाची असते: डोक्यावर सोला हॅट, काखेत पुस्तकांचा गठ्ठा, आणि आठवड्याच्या बाजारात एखाद्या चिंचेखाली उभा राहून, ऐकणाऱ्यांपेक्षा नुसत्या बघणाऱ्यांचीच गर्दी अधिक अशा जमावापुढे कष्टाने कमावलेल्या मराठीत बोलणारा गोरा साहेब. या चित्रात त्याची बायको कोठेच नसते, मुले तर नसतातच. आणि ज्या अर्थी ती नसतात त्या अर्थी त्या माणसाविषयी आपण जो काही अभिप्राय देतो, मग तो स्तुतीचा असो वा निंदेचा, तो अपुराच राहतो, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. धर्मांतराच्या प्रश्नावर माझी काही मते आहेत आणि ती सर्वस्वी मिशनऱ्यांच्या बाजूची नाहीत. परंतु येथे मला त्या वादात शिरावयाचे नाही. माझे कुतूहल निराळे आहे. जो मनुष्य एखाद्या कार्यासाठी आपला देश सोडून निघतो, त्याच्या घराचे काय होते, आणि त्या घरामुळे त्याच्या कार्याचे काय होते, एवढेच मला पाहावयाचे आहे.

खानदेशात हे पाहण्याची सोय चांगली आहे. १९०६ साली सरकारने एकसंध खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करून एकाची कचेरी जळगावास व दुसऱ्याची धुळ्यास ठेवली. त्या काळातच दोन परदेशी मिशनांनीही कोणत्याही सरकारी हुकुमावाचून हा मुलूख ढोबळमानाने तसाच वाटून घेतला. पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या आगगाडीच्या गावांत, ए. बी. सिम्पसन यांनी १८८७ साली अमेरिकेत उभारलेल्या अलायन्स मिशनची माणसे आली. पश्चिमेकडे नंदुरबार, नवापूर, चिंचपाडा अशा भिल्ल-मावचींच्या टापूत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसे जाऊन राहिली. या दुसऱ्या मिशनचा संस्थापक फ्रेडरिक फ्रॅन्सन हा स्वीडनमध्ये जन्मून अमेरिकेत गेलेला उपदेशक. १८९० साली त्याने हे काम आरंभिले, आयुष्यभर देशोदेशी हिंडला, आणि लग्न मात्र कधीच केले नाही. अविवाहित संस्थापकाच्या हाकेवर निघालेली ही मंडळी खानदेशात येऊन संसार थाटून बसली, यातली गंमत त्यांच्यापैकी कोणाच्या ध्यानात आली होती की नाही कोण जाणे.

तापीच्या खोऱ्यातला वैशाख ज्याने अंगावर काढला आहे त्याला, थंड प्रदेशातील शेतकरी घराण्यांत वाढलेल्या या स्त्रियांनी येथे पहिला उन्हाळा कसा घालविला असेल याची कल्पना करणे कठीण नाही. नवरा फिरतीवर गेलेला, बैलगाडी आणि राहुटी घेऊन महिना महिना खेड्यांतून मुक्काम करणारा. मागे बंगल्यात ती, एखादे तान्हे मूल, भाषा अर्धवट समजणारी आया, आणि फाटकाशी कोणी ना कोणी येऊन उभे राहिलेले. कोणी मुलाचा डोळा आला म्हणून, कोणी विंचू चावला म्हणून, कोणी केवळ मडम चुलीपुढे बसते की खुर्चीवर हे पाहावयास. नवऱ्याने बाजारात केलेले प्रवचन लोक घरी पोहोचेपर्यंत विसरत असतील. पण साहेब आणि मडम एकाच मेजावर एकाच वेळी जेवतात, मुलगी झाली तरी त्या घरात पेढ्यांऐवजी रडे वाटले जात नाही, मूल दगावले तर साहेबही आपल्यासारखाच ओक्साबोक्शी रडतो आणि चार दिवसांनी पुन्हा कामाला लागतो, या गोष्टी मावची पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या सांगण्याजोग्या होत्या. परक्या मुलखात परक्याचे तत्त्वज्ञान कोणाला उलगडत नाही. त्याचे घर मात्र निरक्षरालाही वाचता येते. १९४२ साली चिंचपाड्यास जे मिशनचे इस्पितळ निघाले, त्याची पूर्वतयारी या बंगल्यांच्या मागल्या पडवीत, आयोडीनच्या बाटलीनिशी, अशा अनेक बायकांनी आधीच करून ठेवलेली असणार, असे मी धरून चालतो.

आणि या घराची गंमत अशी की ते जितके लोकांच्या उपयोगी पडे तितके ते आतून रिकामे होत जाई. मुले पाच-सहा वर्षांची झाली की त्यांच्या शिक्षणाची तजवीज करणे भाग पडे. तोवर ती आयेच्या कडेवर वाढलेली, अहिराणी नाही तर मावची ऐकत आणि बोलत मोठी झालेली, उघड्या पायांनी महू गोळा करीत हिंडणारी असत. आता त्यांना अमेरिकन मुले व्हावयाचे होते. त्यासाठी दोन वाटा होत्या. एक मसुरीच्या वुडस्टॉक शाळेची, आणि दुसरी दक्षिणेत, पळणीच्या डोंगरावर कोडाईकानलला १९०१ साली खास मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघालेल्या शाळेची. कोडाईला जाणारी मुले खानदेशातून आगगाडीने निघून, अर्धा हिंदुस्थान ओलांडून कोडाई रोड नावाच्या स्टेशनावर उतरत आणि तेथून घाट चढून सात हजार फुटांवरील त्या धुक्याच्या गावी पोहोचत. वर्षाचा मोठा भाग ती तेथेच. उन्हाळ्यात आई काही आठवडे डोंगरावर येऊन राही, बाप त्याहून कमी. एरवी आठवड्याचे एक पत्र. सहा वर्षांच्या मुलाचे पत्र म्हणजे शिक्षिकेने फळ्यावर लिहून दिलेली चार वाक्ये, हे ज्यांनी वसतिगृहे पाहिली आहेत त्यांना सांगावयास नको. जी बाई फाटकाशी आलेल्या दहा मुलांचे डोळे धूत होती, तिच्या स्वतःच्या मुलाचा ताप कोडाईतील कोणी परिचारिका मोजत होती. मिशनच्या दप्तरात नवऱ्याचे काम तारीखवार नोंदले जाई. ही देवघेव नोंदावयास त्यात रकाना नव्हता.

या देवघेवीचा इतिहास खानदेशाहून पुष्कळ जुना आहे. मुंबई इलाख्यात आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस उतरला तेव्हा कंपनी सरकारने त्याला परत पाठविण्याचा हुकूम काढला होता. अर्जविनंत्या करून तो राहिला, मराठी शिकला, येथेच त्याचे लग्न झाले. बारा वर्षांत हवेने आणि आजारांनी घराची अशी दशा केली की १८२५ साली बायकोला आणि दोन लहान मुलग्यांना अमेरिकेस पाठविण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्यांपैकी एक मुलगा समुद्रावरच वारला. हॉल स्वतः मागे राहिला. पुढील वर्षी नाशिक-त्र्यंबकाकडे पटकीची साथ असताना तो जवळचे औषध वाटीत फिरला, आणि परतीच्या वाटेवर २० मार्च १८२६ रोजी दोडी-दापूर या गावी एका देवळाच्या ओसरीवर त्याच पटकीने त्याचा अंत झाला. त्याच वर्षी मुंबईच्या मिशनने मराठी नव्या कराराचे मुद्रण पुरे केले. ग्रंथाच्या इतिहासात ही तारीख मोठ्या अक्षरांत येते. मुलाच्या मृत्यूची तारीख शोधूनही सहजासहजी सापडत नाही.

त्याहून दारुण हकीकत विल्यम केरीच्या घरची. केरीचे नाव आपण आदराने घेतो, कारण मराठी भाषेच्या सुरुवातीच्या छापील व्याकरणांपैकी एक त्याने १८०५ साली बंगालमधील श्रीरामपुराहून काढले. परंतु त्याची बायको डॉरोथी हिला हिंदुस्थानात यावयाचेच नव्हते. कडेवर नुकते जन्मलेले मूल, समुद्र कधी पाहिलेला नाही. तिने प्रथम साफ नकार दिला, आणि जहाज लांबल्यामुळे नवऱ्याला पुन्हा एकदा तिच्या दारी यावयास सवड मिळाली तेव्हा, बहीण बरोबर येत असेल तर येते, एवढ्या अटीवर ती १७९३ साली निघाली. दुसऱ्याच वर्षी बंगालच्या आतल्या भागात तिचा पाच वर्षांचा पीटर वारला आणि तिचे चित्त जे फिरले ते १८०७ साली मरेपर्यंत ताळ्यावर आले नाही. हे व्याकरण ज्या घरात सिद्ध झाले त्याच घरात एक वेडी स्त्री कोंडून ठेवावी लागत होती. केरीला मी निर्दय म्हणणार नाही. पण जे बलिदान त्याचे म्हणून गौरविले जाते त्याचा मोठा हिस्सा जिची संमती घाईने काढली गेली तिने भरला आहे, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. लग्नमंडपातून निघून गेलेल्या नारायणाची समर्थ रामदास झाल्यावरची कीर्ती आपण गातो, आणि त्याची वाट पाहता पाहता आईचे डोळे गेले ही कथाही त्याच कीर्तनात सांगतो. ऐकणारा दोन्ही ठिकाणी मान डोलावतो. पैठणच्या एकनाथांनी मात्र गिरिजाबाईंसह घरातच आपले कार्य मांडले. खुद्द खानदेशात साने गुरुजींचे उदाहरण आहे. लग्न नाही, घर नाही, ध्येयासाठी सर्वस्व वाहिलेले. पण अमळनेरच्या प्रताप हायस्कुलाच्या छात्रालयात मुलांची अंथरुणे घालणारा, कपडे धुणारा हा मनुष्य घराला पारखा झाला होता असे कोण म्हणेल? घरावाचून त्यांचे चालले नाही, म्हणून त्यांनी छात्रालयाचेच घर केले.

परंतु या साऱ्या विषयाचा गाभा मला सापडतो तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी. ते काही परदेशी गेले नाहीत. पण १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने ते सातासमुद्रांपलीकडेच गेले. येथे मिशनची दुसरी बाजू उघडी पडते. जे मिशनरी आपापले संसार पाठीवर घेऊन आले, त्यांच्याच कार्याने येथले संसार दुभंगले. आणि दुभंगलेल्या संसाराची ओळख त्यांना घरूनच असल्यामुळे त्यांना याचे काही वाटले असेल की उलट सवयीने काहीच वाटले नसेल, याचा निवाडा मला करता आलेला नाही. लक्ष्मीबाई काही वर्षे आपल्या लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन नातलगांकडे राहिल्या, पुढे नवऱ्याकडे आल्या त्याही आपली चूल आणि सोवळेओवळे वेगळे ठेवून. कोणत्याही उपदेशकाने त्यांना जिंकले नाही. एकाच छपराखाली दोन धर्म, एकाच नवऱ्याचा तोच तापट, उधळा, लहान मुलासारखा स्वभाव, अशा नित्याच्या सहवासातून त्यांचे मन आपल्या वेगाने वळत गेले, आणि १९०० साली राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मुदतीने, कोणाच्या तगाद्याने नव्हे.

या घराशी आमच्या खानदेशाचा संबंध जुळला तो १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनात. धरणगावचा, लहानपणी काही काळ नवापूरच्या रानात राहिलेला, सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे तेथे कविता म्हणावयास उभा राहिला आणि अध्यक्ष डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्याकडून ‘बालकवी’ ही पदवी घेऊन खाली बसला. टिळकही तेथे होते. पुढे हा ब्राह्मणाचा मुलगा नगरला टिळकांच्या ख्रिस्ती घरी जाऊन राहिला आणि हिंदूच राहिला. नवापूर परिसरात गोऱ्या मिशनऱ्यांनी किती कष्ट उपसले. पण तेथल्या रानाने वाढविलेला हा कवी कोणत्याही बंगल्यात गेला नाही, तो एका मराठी ख्रिस्ती बाईच्या स्वयंपाकघरात गेला. तेथे त्याला जेवण मिळाले, रागावणे मिळाले, रुसावयास जागा मिळाली. टिळकांना त्याच्यातला कवी हवा होता. लक्ष्मीबाईंनी त्याला ठोमरे या नावाचा एक हट्टी मुलगा म्हणून वागविले, आणि कोणत्या वागविण्याने त्याचे अधिक भले झाले याविषयी माझ्या मनात शंका नाही.

५ मे १९१८ रोजी भुसावळ आणि जळगाव यांच्या मध्ये भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना बालकवी गाडीखाली सापडले. अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. टिळकांनी त्यापूर्वीच मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास आपला ‘देवाचा दरबार’ मांडला होता. ९ मे १९१९ रोजी तेही गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंना जोडाक्षरे घालून लिहिण्याचाही कंटाळा. तरी हे काव्य त्यांनी हाती घेतले आणि उरलेले बहुतेक सारे अध्याय स्वतः रचले. मुलाच्या नोकरीपायी काही काळ कराचीला राहिल्या, म्हातारपणी का होईना परमुलखातला संसार त्यांनीही केला. आणि मग १९३४ पासून त्यांच्या आठवणींची ‘स्मृतिचित्रे’ निघू लागली, ज्यांत मिशनच्या कार्याची हकीकत ओघात येते तेवढीच, पण ठोमऱ्यांचे रुसवे, दुष्काळातली अनाथ पोरे, आणि घरखर्चाच्या पैशांचे रेव्हरंडसाहेबांनी काय काय केले याचा हिशेब मात्र एका दिडकीचीही सूट न देता मांडलेला आहे.