मृगाच्या आत

गंगाखेडच्या काळ्या मातीला कापूस मानवतो, भिंत मानवत नाही. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, वैशाखात आवळते, आणि रानात हात आत जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर उभं घरही मग दर वर्षी थोडं थोडं उकलतं. आमच्या मागच्या दोन खणांची भिंत छतापासून उंबऱ्यापर्यंत चिरली तेव्हा ठरलं, पुढचं माळवद ठेवायचं, मागचं पाडून बांधायचं आणि पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यायचा.

सगळंच पाडून टाका, असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा दुपारी माळवदाखाली शांत निजलेलं लेकरू बघावं, म्हणजे त्याला पहार लावायचा धीर होत नाही. सागवानी तुळया, वर किलचण आणि त्यावर मातीचा जाड थर. ऊन त्यातून खाली उतरेस्तोवर सांज होते. मृगाआधी पांढरी माती पसरून घेतली की पावसाळा निभतो. स्लॅब मात्र दिवसभराचं ऊन रात्री अंथरुणावर ओततो. तरी मागे स्लॅबच घातला. सागवान आवाक्यात नाही आणि माळवद रचणारे हातही आता सहज मिळत नाहीत. याचं मला खरंच वाईट वाटतं.

बांधकामाचा हंगाम आमच्याकडे संक्रांतीपासून मृगापर्यंत. परीक्षांचाही तोच. थोरली दहावीला, धाकटा दुसरीत. कटर सुरू झाला की थोरली पुस्तकं छातीशी धरून शेजारच्या काकूंच्या माडीवर जाते. एकदा तिच्या भूमितीच्या वहीवर सिमेंटचं घमेलं कलंडलं. ती रडली, वडिलांवर चिडली आणि त्या रात्री जेवलीच नाही. मी वहीची पानं एकेक सुटी करून माळवदावर वाळत घातली.

स्लॅब टाकला त्या रात्री धाकट्याला ताप भरला. धुळीनं छाती भरलेली, डोळे लाल. एका हातानं त्याच्या कपाळावर ओली पट्टी, आणि कान मात्र मागच्या अंगणात, ताडपत्री वाऱ्यानं उडाली की काय म्हणून. आई झालेल्या बाईला दोन्हीकडे असावंच लागतं.

सकाळी मिस्त्रींनी स्लॅबवर आळी बांधली. ‘‘ताई, शिमिट वाळवायचं नसतंय, पाजायचं असतंय,’’ ते म्हणाले. खरंच आहे ते. सिमेंट वाळून नाही, पाण्याशी जुळून घट्ट होतं. किमान 7 दिवस ओल मोडू द्यायची नाही, आणि त्याची ताकद मोजायची ती 28 दिवसांनी. नळाला तर रोज पाणी नाही. अंघोळीचं धरायचं की स्लॅबचं, यावर घरात रोज बोलणी. ताप उतरल्यावर धाकटा आळ्यांत होड्या सोडायला लागला. ताईच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या होड्या. एका आळ्याला त्यानं गोदावरी म्हटलं, दुसऱ्याला येलदरीचं धरण.

संध्याकाळी पोरांना घेऊन मी जनाबाईच्या देवळात जाते. हे तिचं जन्मगाव. लहानपणीच ती पंढरपुरी नामदेवांच्या घरी गेली आणि तिथंच आयुष्यभर राबली. दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या, सगळं तिच्या अभंगांत आलं, आणि त्या कामांना विठोबानं हातही लावला. काम उरकल्यावर मग गाईन, असं तिनं म्हटलं नाही. लेकरंही घर उरकायची वाट बघत नाहीत. मागच्या दाराला चौकट नव्हती त्याच दिवसांत धाकट्याचा दात पडला आणि जोडाक्षरं त्याला वाचता यायला लागली.

थोरलीनं नव्या खोलीत एकच गोष्ट मागितली, देवळी. जुन्या मातीच्या भिंती दोन हात जाड, म्हणून त्यांत हवी तिथं देवळी असायची: दिव्याला, सासूबाईंच्या चष्म्याला, लहानपणी हिच्या सागरगोट्यांना.

‘‘बाई, नऊ इंची भिंत ही. देवळी कुठून काढायलीस?’’ मिस्त्रीमामा म्हणाले.

तिनं टेप लावला. ‘‘मागं अर्धी वीट ठेवा की मामा. साडेचार इंच मला पुरतंय.’’

मामांनी दोरी धरली, पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं आणि मागे अर्ध्या विटेचा थर लावत नेला. वर शहाबादी फरशीचा तुकडा टाकून तोंड झाकलं. मग उंचीवरून भांडण. धाकट्याचा हात पुरत नव्हता. शेवटी त्याच्या खांद्याएवढ्या उंचीवर आणखी एक काढली.

उद्या वायरमन येणार आहे आणि त्यानं आखलेला बोर्ड नेमका तिथंच येतो. इतिहासाचा पेपर देऊन आल्याबरोबर थोरलीनं दोन्ही देवळ्यांच्या मध्ये खडूनं ठसठशीत लिहून ठेवलंय: इथं फोडू नये.