कूलरमधला घोयरा

परवा लेकीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशात कुणी तरी येमेनच्या सरड्याची नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं पाळली आहेत. पिंजऱ्याच्या वर दिवा, दिव्याला टायमर. बघता बघता तिनं विचारलं, "बाबा, आपल्याकडे पण होता ना असा? आबांच्या दिव्यानं मेला तो?"

आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगतात. आबांचा सरडा, आबांचा दिवा. आबा, म्हणजे माझे वडील, २०१९ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत मी ती दुरुस्त केली नाही, नंतरही नाही.

साल २०१३. त्या वर्षी २३ मे रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि आमच्या मनीषनगरात दुपारी कुत्रं दिसत नव्हतं. जुलैत मात्र अशी झड लागली की चार दिवस सूर्य नाही. त्याआधीच्या उघडिपीत शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर जेसीबी आला होता. बाभळी, रुई, बोरी, सगळं एका दुपारी सपाट. उकरलेल्या मातीच्या ढिगावर आबांना घोयऱ्याचं, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचं, पिल्लू दिसलं. शेपटीसकट आगपेटीएवढं. मजूर म्हणाला, "साहेब, हात नका लावू, इषारी असते." आबांनी रुईच्या काडीसकट उचलून आणलं.

घोयरा विषारी नसतो. तो पाळताही येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि वीज मंडळात नोकरी काढलेल्या माणसाला कायदा कळत नव्हता असं म्हणायची सोय नाही. "झड उघडली की बेशाकडे शेतात सोडून देऊ," ते म्हणाले. सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र २०१५ मध्ये झालं. तेव्हा ते असतं तरी आबा गेले असते असं मला वाटत नाही. त्यांना ते पिल्लू हवं होतं.

पिंजरा म्हणून त्यांनी आमचा लहान कूलर घेतला. सीझन संपला होता. मोटर, पंखा काढला, ताट्यांमधली जुनी वूडवूल काढून मच्छरदाणीचा कपडा ताणला, आत बोरीची फांदी उभी केली. खाली, वर, कोपऱ्यांना पत्राच. लेक तेव्हा चार वर्षांची. तिनं नाव ठेवलं, हळूहळू. पिल्लू पुढचा पाय उचलायचं, हवेत मागेपुढे डुलवायचं, मग टाकायचं. वाऱ्यानं पान हलावं तसं. एक डोळा लेकीकडे, दुसरा छताकडे.

त्याची एकच सवय मला नीट आठवते. आबा पेपर वाचताना त्याला बाहेर काढून खांद्यावर ठेवायचे. ते चष्म्याच्या काळ्या दोरीवर चढायचं आणि चिमट्यासारखे पाय दोरीला आवळून कानाच्या मागे थांबायचं. आबा त्या पंधरा मिनिटांत पान उलटायचे नाहीत. एकच पान. माझ्याशी बोलायला त्यांना एवढी उसंत कधी नव्हती. त्या महिन्यात तर आमचं बोलणंच बंद होतं. आमचं जुनं घर बिल्डरला देऊन फ्लॅट घ्यावा असं मी म्हणालो होतो, तिथून.

चौथ्या संध्याकाळी पिल्लू काळं पडलं. घोयरा गारठला की काळपट होतो, ऊन शोषून घ्यायला. भ्यालं तरी होतो. खोलीत पंचवीस अंश होते. ज्या अंड्यानं तो मे महिना जमिनीत काढला असेल, त्यातल्या पिल्लाला या हवेत थंडी वाजते असं आम्ही दोघांनी ठरवलं. एवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत झालं.

आबांनी कूलरच्या टपाला भोक पाडून होल्डर बसवला, चाळीसचा बल्ब लावला. मी म्हणालो, "चाळीसनं काय होते? शंभरचा लावा."

"इलेक्ट्रिकचं तू मले शिकवून राह्यला?"

रात्री दोनच्या सुमारास फाटकावरून मालगाडी गेली आणि मला जाग आली. झड चालूच होती. मी टॉर्च घेऊन कूलरपाशी गेलो. पिल्लू अजून काळंच. मला वाटलं, बघा, मी म्हणत होतो. बाथरूममधला शंभरचा बल्ब काढून आणला आणि बदलला. पिल्लाच्या काळजीनं बदलला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं तर मला सकाळी त्यांना दाखवायचं होतं.

अर्धा तास तिथेच बसलो. पिल्लाचा रंग उतरत गेला. काळं, मग मातकट, मग फिकट पिवळं, जवळजवळ पांढरं. झोपलेला घोयरा फिकट होतो हे मी त्या चार दिवसांत पाहिलं होतं. तोंड किंचित उघडं होतं, मला जांभई वाटली. मी समाधानानं झोपायला गेलो.

त्या तोंड उघडण्याचा अर्थ मला नंतर कळला. उष्णता सोसेना की घोयरा रंग फिकट करतो, तोंड वासतो, दिव्यापासून दूर जातो. इथे दूर जायला काही नव्हतं, चारी कोपऱ्यांत तापलेला पत्रा होता. एवढंसं अंग मोठ्या सरड्यापेक्षा फार लवकर तापतं आणि सुकतं. ही पिल्लं वाटीतलं पाणी पीत नाहीत, पानावरचा थेंब चाटतात, आणि आम्ही शिंपडलेले थेंब त्या बल्बखाली केव्हाच उडाले होते. परदेशात जे असे सरडे पाळतात ते दिवसा अठ्ठावीस-तीस अंशांचा एक कोपरा देतात, त्यात आतबाहेर करायला सावली देतात, आणि रात्री दिवा बंद करतात. हाडांसाठी जे किरण लागतात ते साध्या बल्बमध्ये नसतातच. रात्री त्याला अंधार हवा होता. बाकी काही नको होतं.

सकाळी आबांच्या हाकेनं उठलो. पिल्लू फांदीखाली, पत्र्यावर. वर चाळीसचा बल्ब जळत होता.

चाळीसचाच. मी पाहिलं आणि गप्प बसलो. मीच रात्री झोपेत परत बदलला असेल, असलं काही तरी मनाशी म्हटलं.

आबांनी ते जास्वंदीखाली पुरलं. मग दुपारी रिकाम्या कूलरमध्ये थर्मामीटर टांगला, चाळीसचा बल्ब लावला आणि समोर स्टूल घेऊन बसले. दर अर्ध्या तासानं जुन्या डायरीत आकडा लिहायचे. दोन तासांनी काटा एकतीसवर थांबला. त्यांनी महिन्याभरात पहिल्यांदा मला स्वतःहून हाक मारली. "एकतीसनं कसं मेलं रे?"

मी म्हणालो, "अशक्त असेल."

त्यांनी पुढं दोन दिवस तेच मोजलं. डायरी अजून आहे. एकतीस, एकतीस, साडेतीस.

हे सगळं मी परवा लेकीला सांगितलं, स्वयंपाकघरात. आई खाली बसून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले माहीत हाये. सकाळी पाचाला म्याच काढला तुहा बलप. पदरानं धरा लागला, इतका तापला होता."

"मग आबांना सांगितलं का नाही?"

"तुमी दोघं तसेई बोलत नव्हते."

तिनं मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. लेक काहीच बोलली नाही, मोबाइल घेऊन आत गेली.

तो शंभरचा बल्ब आईनं त्याच सकाळी बाथरूममध्ये परत लावला होता. पुढं दोन वर्षं तो तिथेच जळत होता, आणि आबा रोज त्याखाली दाढी करायचे.