जुन्या भिंगाचे माहेर

जर्मनीला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींच्या फोटोंत बर्लिन असते, म्युनिक असते, ऱ्हाइन नदीतली बोटीची सफर असते. येना मात्र सहसा नसते. पूर्वेकडच्या थुरिंगिया प्रांतातले, टेकड्यांच्या कुशीत वसलेले, लाखभर वस्तीचे हे गाव. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघे तिथे गेलो. आमची मुलगी तिथल्या विद्यापीठात प्रकाशशास्त्र शिकते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण माझ्या पर्समध्ये मऊ फडक्यात गुंडाळलेले होते. माझ्या वडिलांच्या कॅमेऱ्याचे भिंग!

कपाटातला कॅमेरा

अण्णा साताऱ्याला शाळामास्तर होते. मुंबईहून त्यांनी एक जुना, वापरलेला घडीचा कॅमेरा आणला होता. झाइस इकॉन कंपनीचा इकोन्टा. मिटला की पोथीएवढा दिसे. बटण दाबले की पुढची झडप उघडे आणि काळ्या चामडी भात्याच्या टोकावर भिंग खटकन उभे राही. एका रोलवर फोटो आठच निघत, त्यामुळे अण्णा उगाच बटण दाबत नसत. आईचे लग्नानंतरचे पहिले फोटो, दादाची मुंज, १९६७ च्या कोयना भूकंपानंतर घराच्या भिंतीला पडलेली भेग, हे सारे त्याच भिंगातून टिपलेले आहे.

१९९१ साली अण्णा गेले आणि कॅमेरा कपाटात गेला. सुटीवर आलेल्या मुलीने तो बाहेर काढला, भिंगाभोवतीची बारीक अक्षरे वाचली आणि ओरडलीच, "आई, यावर येना लिहिलंय! मी शिकते त्या गावातलं भिंग आहे हे!"

अक्षरे अशी होती : कार्ल झाइस येना, टेसार, १०.५ सेंटिमीटर. क्रमांकावरून हे भिंग १९३५ च्या आसपासचे असावे असे तिने सांगितले. भाता मात्र घड्याघड्यांवर चिरला होता आणि भिंग धरणाऱ्या पट्ट्या वाकल्या होत्या. पुण्याच्या एका कॅमेरा दुरुस्त करणाऱ्यांना दाखवला. ते म्हणाले, "भाता नवा करावा लागेल, पट्ट्याही. तरी पूर्वीसारखा चालेल याची खात्री देत नाही. भिंग मात्र उत्तम आहे. थोडी धूसर झाक आहे, ती पुसली जाईल."

मुलगी म्हणाली, "मग भिंग काढून माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला लावू या."

दादा एकदम कडाडला, "अण्णांची वस्तू मोडायची नाही!"

दोन दिवस घरात या विषयावर कोणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आईनेच तोंड उघडले. तिची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्याच वर्षी झाली होती. ती म्हणाली, "माझ्या जुन्या डोळ्यात नवं भिंग बसवलंत, तेव्हा कोणी म्हणालं नाही आईला मोडली म्हणून. आता नव्या डोळ्याला जुनं भिंग बसवा. पण त्या कॅमेऱ्याचा एकही स्क्रू हरवता कामा नये." दादा गप्प झाला. मनातून पटले होते असे नाही.

नव्या अंगावर जुना डोळा

हे काम ऐकायला वाटते तितके अवघड नाही, पण उतावळ्या माणसाचेही नाही. घडीच्या कॅमेऱ्यात भिंग आणि शटर एकत्र असतात. मागच्या बाजूला एक खाचांची रिंग असते. ती योग्य अवजाराने सोडवली की दोन्ही एकदम हातात येतात. पक्कड लावली तर खाचा कायमच्या जातात.

आता प्रश्न अंतराचा. १०.५ सेंटिमीटरचे हे भिंग दूरच्या डोंगराचे चित्र आपल्यामागे साधारण तेवढ्याच अंतरावर उमटवते. नव्या, आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात चित्र टिपणारा सेन्सर कॅमेऱ्याच्या तोंडापासून दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर असतो. उरलेली जागा नळ्यांनी भरून काढायची. त्यांतली एक नळी फिरवली की लांब-आखूड होणारी घ्यायची, म्हणजे तीच भात्याचे काम करते. दीड मीटरवर बसलेल्या माणसाचा चेहरा स्पष्ट हवा असेल तर भिंग साधारण ८ मिलिमीटर पुढे न्यावे लागते. नळीच्या तोंडावर भिंग बसवायला ओळखीच्या लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमची एक चकती कातून घेतली. कॅमेऱ्याला एकही नवे भोक पाडले नाही. उद्या कोणाला वाटले, तर भिंग पुन्हा जुन्या जागी बसेल. दादासाठी ही गोष्ट फार मोलाची होती.

म्युनिकच्या कारखान्यात बनलेले कॉम्पूर शटर टी या अक्षरावर नेऊन उघडेच ठेवायचे. वेळ मोजण्याचे काम नवा कॅमेरा करतो. प्रकाश कमीजास्त करण्याची जुनी पाकळ्यांची खिडकी मात्र तशीच वापरायची. पहिल्यांदा बटण दाबले तर काहीच होईना! नव्या कॅमेऱ्याला वाटत होते, आपल्याला भिंगच लावलेले नाही. भिंगाशिवायही फोटो घेण्याची परवानगी त्याच्या यादीतून शोधून द्यावी लागली, तेव्हा तो राजी झाला.

आणखी एक गंमत. हे भिंग सहा बाय नऊ सेंटिमीटरच्या फिल्मसाठी घडवलेले, आणि मुलीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २४ बाय ३६ मिलिमीटरचा. म्हणजे भिंग जेवढे चित्र देते, त्याचा मधला सुमारे पाचवा हिस्साच उमटतो. आख्खा वाडा दाखवणारे भिंग आता ओसरीवरच्या एका माणसापाशी येऊन थांबते. चेहऱ्यांसाठी ते फारच छान. पण उरलेला प्रकाश नळीच्या आत आपटून चित्रावर पांढुरका पडदा आणतो, म्हणून आतून काळा मखमली कागद चिकटवावा लागला.

स्वर्ग नावाचे स्टेशन

लाइपझिगहून आम्ही गाडी धरली. उतरायच्या स्टेशनचे नाव येना पॅराडीस, म्हणजे स्वर्ग! नदीकाठच्या बागेवरून पडलेले नाव. हे म्हणाले, "स्वर्गाचं तिकीट काढलंय, पण परतीचंही आहे ना?" त्या नदीचे नाव तर आपल्या 'झाले' या शब्दासारखेच उच्चारतात. तिच्या काठावर झाडांखाली मुले सायकली टाकून बसली होती. अण्णांच्या भिंगातून मी घेतलेला येनाचा पहिला फोटो तोच.

गावाच्या मध्यावर गोल, उंच मनोरा आहे. लोक त्याला गमतीने बिस्किटांचा पुडा म्हणतात. त्याच्या आसपासचा मोठा भाग म्हणजे झाइसचा जुना कारखाना. आज तिथे विद्यापीठाच्या इमारती आणि दुकाने आहेत. मुलगी ज्या अंगणातून वर्गात जाते, तिथे पूर्वी कामगारांची वर्दळ असे.

कार्ल झाइस यांनी १८४६ साली इथे एक लहानसे दुकान काढले. सूक्ष्मदर्शक यंत्रे अंदाजाने घासूनपुसून बनवण्याचा तो काळ. १८६६ साली त्यांनी एर्न्स्ट आबे या तरुण शास्त्रज्ञाला हाताशी घेतले आणि भिंगाला गणित आले. पण गणिताला हवी तशी काच मिळेना. ती ओटो शॉट यांनी दिली. त्यांची काचेची प्रयोगशाळा १८८४ साली येनातच सुरू झाली. या तिघांच्या पायावर पुढे पाउल रुडॉल्फ यांनी १९०२ साली टेसार भिंग रचले. टेसार हे नाव ग्रीक भाषेतल्या चार या अंकावरून आले, कारण त्यात काचेचे चारच तुकडे आहेत. त्यांतले मागचे दोन एकमेकांना चिकटवलेले. स्पष्ट चित्र देणाऱ्या या भिंगाची जाहिरात गरुडाचा डोळा म्हणून होत असे.

मला जास्त भावले ते आबे. त्यांचे वडील सूतगिरणीत कामाला होते आणि दिवसाचे चौदा-सोळा तास उभे राहून राबत. ते पाहत मोठा झालेला हा मुलगा पुढे कारखान्याचा मालक झाला आणि १८८९ साली त्याने झाइस प्रतिष्ठान स्थापन केले. आपला मालकी हिस्सा त्याने पुढे त्याच्याच स्वाधीन केला. कामगारांना पगारी रजा आणि निवृत्तिवेतन मिळू लागले. १९०० साली तिथे आठ तासांचा दिवस सुरू झाला. त्यांच्या स्मारकाची लहानशी आठकोनी वास्तू गावातच आहे. तिच्यासमोर उभी असताना मनात आले, अण्णांचे भिंग घासणारा कोणी अनाम कारागीरही आठ तास भरून संध्याकाळी याच रस्त्याने घरी गेला असेल.

पुढचा इतिहास सुखाचा नाही. याच कारखान्याने दोन्ही महायुद्धांत सैन्यासाठी दुर्बिणी आणि नेम धरायची यंत्रे बनवली. दुसऱ्या महायुद्धात इथे सक्तीने आणलेले परदेशी मजूर राबले. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन फौजा आल्या आणि परत जाताना ऐंशीहून अधिक तज्ज्ञांना पश्चिमेकडे घेऊन गेल्या. मग रशियन आले, त्यांनी १९४६ साली बहुतेक यंत्रसामग्री उचलून नेली. एका झाइसच्या दोन कंपन्या झाल्या, एक पश्चिमेला ओबरकोखेनला आणि एक पूर्वेला येनाला. भाऊ वेगळे निघाले, तशी नावावरून कोर्टकचेरीही झाली. १९९० साली जर्मनी एक झाली आणि त्यानंतर ही दोन घरेही जुळली.

संध्याकाळी तारांगणात गेलो. १९२६ साली उघडलेले हे तारांगण आजही चालू आहे. त्याच्या मोठ्या घुमटाचे काँक्रीटचे कवच फक्त काही सेंटिमीटर जाडीचे आहे! येनाच्या यंत्रांनी नंतर जगभर तारे दाखवले. कोलकात्याच्या बिर्ला तारांगणात बसवलेले यंत्रही येनाचेच.

भिंग बघते कसे

त्या चार दिवसांत मी दीडशेवर फोटो काढले. सगळेच चांगले आले असे नाही. सूर्य समोर असला की चित्र धुक्यात बुडे. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परततो, आणि टेसारला असे सहा पृष्ठभाग. हा परतणारा प्रकाश रोखणाऱ्या पातळ लेपाची युक्ती १९३५ साली झाइसमध्येच अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधली, पण आमच्या भिंगाला तो लेप नाही. शेवटी काळ्या पुठ्ठ्याची टोपी करून भिंगाला घातली, तेव्हा धुके बरेच निवळले.

सावलीत मात्र ते खुलले. रंग फिके, पण गोड. आमच्या घरी या भिंगाने फक्त काळेपांढरे पाहिले होते. म्हातारपणी माहेरी येऊन ते लाल कौले आणि पिवळी पडू लागलेली पाने पाहत होते.

आपल्याही घरी असा कॅमेरा असेल तर आधी नीट तपासा. भाता शाबूत असेल तर तो अजिबात उघडू नका. त्याला लागणारा १२० नंबरचा रोल आजही मिळतो. कॅमेरा मोडकळीला आला असेल तरच भिंगाचा विचार करा. प्रत्येक भाग काढण्याआधी त्याचा फोटो घ्या, स्क्रू पाकिटात घालून वर नाव लिहा. दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, म्हणून ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह डब्यात ठेवा. जुन्या शटरची धूळ आणि गंजाचे कण सेन्सरवर पडतात, म्हणून ते आधी स्वच्छ करून घ्या. आणि या भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका.

परत आल्यावर

साताऱ्याला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईला ओसरीवर बसवले. तिरपे, मऊ ऊन होते. मी भिंग पुढेमागे करत होते. दादा दारातच उभा होता. त्याच्या हातात कॅमेऱ्याचे रिकामे खोके होते, स्क्रूंच्या पाकिटांसकट. बहुधा मोजून झाले असावेत.

मी म्हटले, "आई, इकडे बघ."

"थांब जरा," आई म्हणाली, "पदर नीट करते. त्यांना वाकडा पदर चालत नसे."

तिने पदर सारखा केला, हात मांडीवर घेतले आणि भिंगाकडे पाहिले. अल्बममधल्या पहिल्या फोटोत ती अशीच पाहते आहे. मी एकच फोटो काढला. अण्णांसारखा.

त्याची प्रत करून आणली तेव्हा दादाने ती बराच वेळ हातात धरली. मग काही न बोलता जुना अल्बम काढला आणि त्या पहिल्या फोटोच्या समोरच्या पानावर जागा केली.